‘अंतर्गत धोरणानुसार’ नकार

“आमच्या अंतर्गत धोरणानुसार यापुढे आपल्याला सेवा देता येणार नाही. हा निर्णय अंतिम आहे.”

बँक खातं असो, कार्डाने पैसे स्वीकारायची सोय असो की ईमेल, नकाराचं पत्र बहुतेक वेळा एवढ्या दोन वाक्यांत उरकलेलं असतं. कोणतं धोरण, त्यातलं कितवं कलम, ग्राहकाने कधी काय केलं, शिल्लक रक्कम कधी आणि कशी मिळणार, दाद कुणाकडे मागायची, यातलं काहीच त्यात नसतं. त्यावर ठरलेलं उत्तर असं की कंपनी खासगी आहे, कुणाला गिऱ्हाईक करायचं ते तीच ठरवणार. सोफा किंवा दागिने विकणाऱ्याबाबत हे बऱ्याच अंशी चालून जातं, कारण शेजारी दुसरा विक्रेता असतो. पाणी, वीज, फोन, बँक खातं यांच्याबाबत ते चालू देऊ नये. अशा कंपनीला एखादा व्यवहार नाकारण्याची मुभा असावी, पण माणूसच नाकारण्याची नसावी. आणि जे नाकारलं त्याचं कारण तिने लेखी दिलंच पाहिजे.

‘अत्यावश्यक’ कशाला म्हणायचं, यावर वाद घालणारे लोक यादी करायला बसतात आणि तिथेच अडतात. यादीपेक्षा तीन प्रश्न बरे. हीच गरज दुसरीकडून भागवायची तर किती वेळ लागेल? दुसरा पुरवठादार मुळात आहे का? (पाण्याची पाइपलाइन घरापर्यंत एकच येते, विजेची तारही एकच. चिडून कंपनी बदलायची म्हटली तरी तार तीच राहते.) आणि ही सेवा गेली की तिच्या आधारावर उभ्या असलेल्या आणखी किती सेवा कोसळतात? तिसऱ्या प्रश्नाकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं आणि हल्ली खरी फजिती तिथेच होते. मोबाइल नंबर गेला की ओटीपी येत नाही, ओटीपी नाही म्हणून बँकेचं ॲप उघडत नाही, ॲप उघडत नाही म्हणून घरभाडं आणि विजेचं बिल थकतं. नकार एका कंपनीने दिलेला असतो, दारं चार बंद होतात.

‘सगळ्यांना सेवा द्या’ ही मागणी कुणा आधुनिक चळवळीने काढलेली नाही. इंग्लंडच्या कॉमन लॉमध्ये (म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडत आलेल्या कायद्यात) खानावळवजा मुक्कामाची जागा चालवणाऱ्याला आणि माल वाहून नेणाऱ्याला फार पूर्वीपासून हे बंधन होतं: पैसे द्यायला तयार असलेला, नीट वागणारा प्रवासी दारात आला तर त्याला परत पाठवता येत नाही. नकाराची कारणं मोजकीच. जागा शिल्लक नाही, पैसे देत नाही, दारू पिऊन धिंगाणा घालतो, माल धोकादायक आहे. यामागचा विचार अगदी व्यवहारी होता. रात्रीच्या वेळी हमरस्त्यावर पुढचा मुक्काम कित्येक मैलांवर असायचा, म्हणजे नकार हा नुसता गैरसोयीचा प्रश्न उरत नव्हता.

हा जुना नियम किती कामाचा होता ते १९४३ मध्ये दिसलं. वेस्ट इंडीजचे अष्टपैलू खेळाडू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवरच्या सामन्यासाठी बायको आणि मुलीसह लंडनला आले. इम्पीरियल हॉटेलात त्यांनी चार रात्रींसाठी खोल्या आधीच ठरवून ठेवल्या होत्या. पोहोचल्यावर सांगण्यात आलं की एकच रात्र राहता येईल. गोऱ्या अमेरिकी पाहुण्यांना चालणार नाही, हे कारण. त्याच मालकांच्या दुसऱ्या हॉटेलात त्यांची सोय झाली, आणि खटल्यात हॉटेलने बचावासाठी तेच पुढे केलं: राहायला जागा दिली की! १९४४ च्या निकालात न्यायमूर्ती बर्केट यांनी ते मानलं नाही. खोली रिकामी होती, पाहुणा सभ्य होता, पैसे देणार होता, म्हणजे नकाराला वाजवी कारण नव्हतं. भरपाई मिळाली पाच गिनी, म्हणजे सव्वापाच पौंड. रक्कम नाममात्र, पण लक्षात घेण्याजोगी बाब वेगळीच आहे. वंशभेदाविरुद्ध कायदा ब्रिटनमध्ये १९६५ पर्यंत नव्हताच. कॉन्स्टंटाइन जिंकले ते ‘दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही’ या मुक्कामवाल्यांच्या जुन्या नियमावर.

अमेरिकेत हाच धागा १८७७ च्या ‘मन विरुद्ध इलिनॉय’ खटल्यात दिसतो. शिकागोची धान्याची कोठारं खासगी मालकीची, पण आसपासच्या मुलखाचं धान्य त्यांच्यातूनच पुढे जायचं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्या मालमत्तेत सार्वजनिक हित गुंतलं आहे तिच्यावर सरकारला दर ठरवून देता येतात. ‘खासगी आहे’ एवढं म्हटल्याने प्रश्न मिटत नाही, हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे.

आता कंपनीची बाजू. तिच्या नकारामागे खरी म्हणावीत अशी तीन कारणं असतात: थकबाकी, गैरवापर आणि कर्मचाऱ्यांची सुरक्षितता. तिसरं लवकर आटोपतं. मीटर वाचायला आलेल्याच्या अंगावर कुणी धावून गेलं तर पोलिसात तक्रार करावी, पुढच्या वेळी दोघांना पाठवावं, त्या ग्राहकाशी फक्त पत्राने बोलावं. पण त्याच्या घरातल्या बाकीच्या चौघांचं पाणी तोडून कर्मचारी जास्त सुरक्षित होत नाही.

थकबाकीचं प्रकरण मात्र अवघड आहे. तोडणारच नाही म्हटलं तर बिल कोण भरेल, हा कंपन्यांचा सवाल रास्त आहे. त्याचं उत्तर असं की वसुली आणि पुरवठा या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवता येतात. ब्रिटनने १९९९ च्या जल उद्योग कायद्याने बिल थकलं म्हणून घराचं पाणी तोडायलाच बंदी घातली. थकबाकी माफ होत नाही. इतर कुठल्याही कर्जासारखी ती कोर्टामार्फत वसूल करता येते. फ्रान्सने २०१३ मध्ये राहत्या घरांबाबत तसंच केलं आणि २०१५ मध्ये तिथल्या घटना परिषदेने ते वैध ठरवलं.

तोडायचं नाही, पण कमी करायचं, ही मधली वाट विजेच्या बाबतीत बऱ्यापैकी चालते. फ्रान्समधल्या ईडीएफ कंपनीने एप्रिल २०२२ पासून थकबाकीदाराची वीज पूर्ण तोडण्याऐवजी, तांत्रिक अडचण नसेल तिथे, पुरवठा १ केव्हीएवर आणायला सुरुवात केली. १ केव्हीए म्हणजे साधारण १००० वॉट. त्यात काय बसतं ते मांडून बघा. ९ वॉटचे सहा एलईडी दिवे ५४ वॉट, चालू फ्रिज सुमारे १५०, राउटर १२, फोनचा चार्जर २०, आणि घरात कुणी आजारी असेल तर मिनिटाला ५ लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सुमारे ३५०. बेरीज सहाशेच्याही आत. गीझर, इस्त्री, हीटर, पाण्याची किटली यातलं काही चालणार नाही, म्हणजे बिल भरायची निकड टिकून राहते आणि घर अंधारातही जात नाही. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. मर्यादा घालणारं यंत्र तत्क्षणी ट्रिप होणारं असेल, तर एकट्या फ्रिजनेही घराची वीज दिवसातून दहादा जाईल. काही सेकंदांची सवलत यंत्रात ठेवली की हा त्रास टळतो.

पाण्यात मात्र हीच युक्ती फसते. पाइपात बारीक भोकाची चकती बसवून मिनिटाला १ लिटर सोडलं, तर कागदावर दिवसाचे १४४० लिटर होतात, पाच जणांना रगड. पण १० लिटरची बादली भरायला १० मिनिटं लागतात, फ्लशची टाकी भरायला सहा ते नऊ मिनिटं, वरच्या मजल्यावर दाब पोहोचतच नाही, आणि झटपट गॅस गीझर पेटायला मिनिटाला दोन-तीन लिटरचा प्रवाह लागतो तो मिळत नाही. दिवसभर कुणीतरी नळाशी बसलं तरच ते १४४० लिटर हाती येतात. ब्रिटनच्या कायद्याने बिल वसुलीसाठी असा प्रवाह आवळण्यालाही मनाई केली, ती यामुळेच शहाणपणाची वाटते.

सगळ्यांत लबाड प्रकार प्रीपेड मीटरचा. इथे कंपनी कुणाचंच काही ‘तोडत’ नाही. शिल्लक संपते, वीज जाते, आणि नोंदीत ग्राहकाने स्वतःच वापर थांबवला असं दिसतं. नोटीस नाही, मुदत नाही, तोडायला आलेला माणूस नाही ज्याला दारात उभं राहून ‘आत आजारी माणूस आहे’ असं सांगता येईल. थकबाकीदारांच्या घरात वॉरंट काढून जबरदस्तीने असे मीटर बसवले जात असल्याचं उघड झाल्यावर ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये ते थांबवावं लागलं. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोमधल्या फिरी भागात पाण्याचे प्रीपेड मीटर बसवले होते. दर जोडणीला महिन्याला ६००० लिटर फुकट, मग आपोआप बंद. हिशेब माणशी दिवसाला २५ लिटरचा, म्हणजे आठ माणसं गुणिले ३० दिवस. पण एका आवारात एकाच जोडणीवर अनेक बिऱ्हाडं राहत असतील तर ६००० लिटर महिनाअखेर गाठत नाहीत. उच्च न्यायालयाने २००८ मध्ये माणशी ५० लिटर द्यायला सांगितलं, वरच्या न्यायालयाने ४२ वर आणलं आणि २००९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने शहराचीच योजना योग्य ठरवली. निकाल काहीही असो, चूक गणितात होती: मोजमाप जोडणीचं केलं, तहान माणसांना होती.

तोडायचंच असेल तर पद्धत कशी असावी, याचा एक चांगला नमुना भारताच्या वीज कायद्यात, २००३ च्या, कलम ५६ मध्ये सापडतो. किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस. आणि बिलावरच वाद असेल तर ग्राहकाने हरकत नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती भरली, की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. मीटर बिघडून अचानक दसपट बिल आलेल्या माणसाला या एका तरतुदीने तगवलं जातं. लोक इथे चूक करतात ती अशी: बिल चुकीचं आहे म्हणून काहीच भरत नाहीत. मग प्रकरण वादाचं राहत नाही, सरळ थकबाकीचं होतं.

बँकांकडे वळू. इथे कारण बहुधा गैरवापराचा संशय असतं आणि संशय व्यक्त करणारं असतं सॉफ्टवेअर. ज्यांच्याशी व्यवहाराला सरकारी बंदी आहे अशांच्या, म्हणजे निर्बंधांच्या, यादीतल्या कुणाशी नाव जुळलं की खातं अडकतं. अरबी, रशियन, चिनी नावं रोमन लिपीत चार-पाच प्रकारे लिहिली जातात, म्हणून सॉफ्टवेअर ‘जवळपास सारखं’ही पकडतं आणि भलतीच माणसं सापडतात. यावर उपाय म्हणजे बँकेने मागण्याआधीच पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थान आणि ओळखपत्राचा क्रमांक एकत्र लेखी देणं. नुसतं ‘तो मी नव्हेच’ म्हणून भागत नाही. यादीतल्या नोंदीशी न जुळणारा तपशील दाखवावा लागतो.

बँक कारण सांगत नाही त्याचं एक कायदेशीर निमित्तही आहे, आणि ते मान्य करायला हवं. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल सरकारी यंत्रणेकडे गेला असेल तर ग्राहकाला तसं कळवायला बहुतेक देशांत बंदी आहे. पण ही बंदी त्या अहवालापुरती. तिच्या आडोशाने प्रत्येक नकारावर पडदा टाकायची सवय बँकांना लागली आहे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने रेषा आखून दिली. संघात कायदेशीर राहणाऱ्या कोणालाही मूलभूत खातं मागता येतं. अर्ज पूर्ण झाल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत खातं उघडायचं किंवा नाकारायचं, आणि नाकारलं तर, राष्ट्रीय सुरक्षा किंवा मनी लाँडरिंगच्या नियमांचा अडसर नसेल तर, नेमकं कारण लेखी आणि फुकट द्यायचं. बँकेला एकतर्फी खातं बंद करायची कारणंही गणलेली आहेत: जाणूनबुजून बेकायदा वापर, सलग २४ महिन्यांहून जास्त काळ एकही व्यवहार नाही, खोटी माहिती, संघात राहण्याचा हक्क संपणं, दुसरं तसंच खातं असणं. मुक्कामवाल्यांची मोजकी कारणं आठवावीत, ही तीच जात आहे. फ्रान्स एक पाऊल पुढे आहे. बँकेने नाकारलं की माणूस मध्यवर्ती बँकेकडे जातो आणि ती एक बँक नेमून देते. नेमलेल्या बँकेला नाही म्हणता येत नाही.

कारण बाहेर काढायचा सगळ्यांत उपयोगी मार्ग मात्र बँकिंगच्या कायद्यात नाही, माहिती संरक्षणाच्या कायद्यात आहे. २०२३ मध्ये ब्रिटिश राजकारणी नायजेल फराज यांचं कूट्स बँकेतलं खातं बंद झालं. त्यांनी स्वतःबद्दलच्या नोंदींची प्रत मागितली, आणि मिळालेल्या सुमारे ४० पानांत पैशांच्या निकषांबरोबर त्यांच्या राजकीय मतांची चर्चाही निघाली. प्रकरण वाढत जाऊन बँकेच्या मालक समूहाच्या प्रमुख ॲलिसन रोझ यांना पायउतार व्हावं लागलं. फराज यांचं राजकारण पटो न पटो, हत्यार सगळ्यांच्या कामाचं आहे. ही सोय युरोपात जीडीपीआर या माहिती संरक्षणाच्या कायद्याने दिली आहे. प्रत फुकट, मुदत साधारण एक महिना.

दुकानदाराच्या बाजूने पाहिलं तर आणखी एक अदृश्य वही आहे. कार्डाने पैसे स्वीकारायची सोय एका बँकेने काढून घेतली, की विक्रेत्याचं नाव मास्टरकार्डच्या ‘मॅच’ नावाच्या यादीत कारणाच्या क्रमांकासह जाऊ शकतं आणि तिथे पाच वर्षं राहतं. दुसरी बँक अर्ज आला की आधी ती यादी बघते. विक्रेत्याला वाटतं आपल्याला पाच बँकांनी वेगवेगळं नाकारलं. प्रत्यक्षात नकार एकच, त्याच्या प्रती पाच. अशा वेळी सहावीकडे अर्ज करण्यात अर्थ नसतो. नाव घालणाऱ्या पहिल्या बँकेकडेच कारणाचा क्रमांक मागावा लागतो, कारण दुरुस्ती तीच करू शकते.

ईमेल आणि साठवणुकीच्या सेवा अजून कुठल्याच यादीत धड बसत नाहीत. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका बापाने लहान मुलाच्या दुखण्याचे फोटो डॉक्टरांसाठी काढले. ते आपोआप गूगलकडे साठवले गेले, यंत्राने ते अत्याचाराचे ठरवले आणि दोनच दिवसांत खातं बंद. मोबाइल नंबरही त्याच कंपनीचा, म्हणून तोही गेला, आणि बाकीच्या खात्यांचे कोड यायचे थांबले. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नसल्याचं नोंदवलं. ते सांगायला त्याला गाठायचं तर फोन आणि ईमेल दोन्ही बंद! पोलिसांचा निर्वाळा दाखवूनही खातं परत मिळालं नाही. फोटो तपासणं चूक नव्हतं. ते सॉफ्टवेअरने पकडल्यावर ज्याला सगळा मामला समजावून सांगता येईल असा माणूस त्याला कंपनीत भेटला नाही. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्याने निदान समाजमाध्यमांसारख्या मंचांना कारण द्यायला, सहा महिने फुकट तक्रार घ्यायला आणि तिचा निकाल निव्वळ यंत्रावर न सोडायला भाग पाडलं आहे.

सुरुवातीच्या त्या दोन वाक्यांवर सगळ्यांत चपखल नियम अमेरिकेच्या कर्जव्यवहारात आहे. १९७४ च्या समान पतसंधी कायद्याखाली कर्ज नाकारणाऱ्याला ३० दिवसांत कळवावं लागतं, आणि नियमात स्पष्ट लिहिलं आहे की ‘आमच्या अंतर्गत निकषांत बसत नाही’ किंवा ‘गुण कमी पडले’ हे कारण म्हणून चालणार नाही. नेमकं काय कमी पडलं ते सांगा. आमचं गणित फार गुंतागुंतीचं आहे ही सबबही चालणार नाही, असं तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण यंत्रणेने २०२२ मध्ये बजावलं. कर्जासारख्या ऐच्छिक गोष्टीला हा नियम लागतो आणि पगार जमा होणाऱ्या खात्याला बऱ्याच ठिकाणी लागत नाही, हे उलटंच आहे.

नकाराचं पत्र हातात पडलं तर फोन करण्याआधी खात्यातल्या नोंदी, बिलं, आलेले संदेश यांच्या प्रती उतरवून घ्याव्यात, कारण ॲप कधीही बंद होतं. ओटीपी येणारा नंबर आणि खातं परत मिळवून देणारा ईमेल एकाच कंपनीचे असतील तर त्यातला एक त्याच दिवशी बदलावा. पगार आणि आपोआप कापले जाणारे हप्ते दुसऱ्या खात्यावर वळवावेत. हप्ता चुकला की मूळ भांडण बाजूला राहतं आणि आपणच थकबाकीदार ठरतो. मग पत्र लिहावं. त्यात ‘घोर अन्याय’, ‘कोर्टात खेचतो’ वगैरे घालू नये, कारण तसलं पत्र वकिलांच्या टेबलावर जाऊन पडतं. एवढंच पुरतं:

“माझं खातं अमुक तारखेला बंद केल्याचं आपलं पत्र मिळालं. ज्या अटीच्या आधारे ते बंद केलं तिचा क्रमांक, ज्या व्यवहारामुळे केलं त्याची तारीख आणि माझ्याबद्दल आपल्याकडे असलेल्या सर्व नोंदींची प्रत पाठवावी. शिल्लक रक्कम सोबत दिलेल्या खात्यात जमा करावी आणि या पत्राची पोच द्यावी.”